तीन ताल, छतापासून

मनमाड–औरंगाबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. तोवर वेरूळ बघायला निघालेले प्रवासी नांदगाव स्थानकात उतरत आणि टांग्यानं पुढे जात. तो रस्ता आजही सोयीचा आहे: कासारी घाट, शिऊर बंगला, देवगाव रंगारी, मग वेरूळ. मंगळवार तेवढा टाळावा, लेणी बंद असतात.

फाटकातून आत शिरलं की पावलं कैलासकडे वळतात. मी आधी उजवीकडे, बाराव्या लेण्याकडे जातो. हा तीन ताल म्हणजे बौद्ध भिक्षूंचा आठव्या शतकातला तीन मजली मठ. इटलीत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात माँते कासिनोला मठ बांधला तो पायापासून वर. इथं काम वरून खाली उतरलं.

म्हणून मी आत गेल्यावर आधी छत बघतो. पाथरवटांनी कड्यात आडवं शिरून छत तासलं आणि मग पायाखालचा कातळ खाली खाली काढत नेला. उभं राहायला कातळच होता, परांची लागली नाही. अजिंठ्याच्या अपुऱ्या २४ व्या लेण्यात हा क्रम उघडा पडलेला दिसतो. खांब किती जाड, कुठं किती दगड सोडायचा, हे पहिल्या घावाआधीच ठरवावं लागे; एकदा उडालेला दगड परत बसवता येत नाही. तीन मजल्यांचा असा हिशेब डोक्यात धरणाऱ्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तळमजल्यावर भिक्षूंच्या खोल्या आहेत, दोन माणसं आत गेली की भरतील एवढ्या. जिन्यानं वर गेलं की तिसऱ्या मजल्यावर गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना सात-सात बुद्ध ओळीनं बसलेले. भिंतींवर कुठं कुठं जुना गिलावा टिकून आहे, तो जरूर बघा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले. अभ्यासकांच्या मते त्यामुळे कीड आणि ओल दूर राहिली.



लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपार कलल्यावर ऊन आत येतं आणि टाकीचे घाव स्पष्ट दिसू लागतात. तीन तालसाठी तीच वेळ राखून ठेवा.