बुर्गेनलांड : शहरे हरवलेला प्रांत

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत फार झाले. म्हणून नकाशा समोर आला, की आमचा पहिला प्रश्न असतो : येथला माणूस कामाला कोठे जातो? ऑस्ट्रियाच्या पूर्व सरहद्दीवरचा बुर्गेनलांड प्रांत या एका प्रश्नाने उलगडतो.

उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटर लांबीची ही चिंचोळी पट्टी. मध्यभागी तिची रुंदी अवघी चार-पाच किलोमीटर भरते. उत्तरेस लव्हाळ्यांनी वेढलेले, पुरुषभरही खोल नसलेले नॉयझीडल सरोवर व द्राक्षमळे. दक्षिणेस टेकड्या आणि तुटपुंजी शेती.

१९२१ पर्यंत हा मुलूख हंगेरीचा होता. वस्ती मात्र बहुतांशी जर्मन बोलणारी, शिवाय क्रोएट व हंगेरियन. महायुद्धानंतरच्या तहांनी तो ऑस्ट्रियास मिळाला. बुर्ग म्हणजे गड. चार हंगेरियन जिल्ह्यांच्या जर्मन नावांतील शेवटच्या ‘बुर्ग’वरून प्रांताचे नाव पडले, पण ज्या गावांवरून ते जिल्हे ओळखले जात, त्यांतले एकही प्रांतात आले नाही! प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, चेकोस्लोव्हाकियात गेले. एडनबुर्ग, म्हणजे सोप्रोन, ही ठरलेली राजधानी. तेही डिसेंबर १९२१ च्या सार्वमताने हंगेरीत राहिले. रेल्वे आणि बाजार तर तेथेच मिळत. अखेर १९२५ साली आयझेनश्टाट या लहानशा गावी राजधानी आली.

मोठे शहर नाही, कारखाने थोडे, मग काम कोठून मिळणार? हजारो लोक अमेरिकेस गेले. कित्येक गवंडी, बिगारी होऊन आठवडाभर व्हिएन्नात राबत व सुटीला घरी येत.

याच प्रांतातील शाटेनडोर्फ गावी ३० जानेवारी १९२७ रोजी समाजवादी मिरवणुकीवर गोळीबार होऊन युद्धात अपंग झालेला एक कामगार व एक लहान मुलगा ठार झाला. आरोपी निर्दोष सुटले. १५ जुलैस व्हिएन्नाचे कामगार रस्त्यावर आले; न्यायमंदिर पेटले आणि त्या दंगलीत ऐंशीहून अधिक माणसे मेली.

१९३८ साली नाझींनी प्रांत मोडला. १९४५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पुढे पूर्वेस काटेरी तारा आल्या. १९ ऑगस्ट १९८९ रोजी सोप्रोनजवळच्या फाटकातून सहाशेहून अधिक पूर्व जर्मन इकडे आले आणि तारांचा धाक संपत आला.

आज हंगेरियन मजूर रोज सरहद्द ओलांडून बुर्गेनलांडात कामाला येतात. त्यांना कमी मजुरीवर राबवले, तर स्थानिकांचाही दर पडतो. म्हणून तेथील कामगार संघटना हंगेरियन भाषेतही सल्ला देतात. ज्यांचे आजे परमुलखात बिगारी होते, त्यांनी नव्या बिगाऱ्याला परका मानू नये, एवढेच आमचे सांगणे.