खाडा

पहाटे 4.45
सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक फौजी असलेलं. सून गोठ्यात. कासेला कोमट पाणी मारलं की म्हैस पान्हावते. साडेचार लिटर. संध्याकाळची धार काढायला शेजारणीला सांगून ठेवलंय. आज भांगलणीला जाणं नाही, तीनशेचा रोज बुडाला.

6.40
एसटी. सून आणि तिची सासू, म्हणजे आत्या. दोघींनाही बायकांचं अर्धं तिकीट, 31 प्रमाणे 62. पिशवीत भाकरी, चटणी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड. आत्यांचा मुलगा हवालदार होता. 2018 ला पेन्शनवर आला तेव्हा या कार्डापायी एकरकमी 30,000 कापले. सुभेदाराचे 67,000, अधिकाऱ्याचे 1,20,000. त्यात बायको-पोरं आली, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आईही. तो आता पुण्यात गार्डाच्या नोकरीत.

8.15
पॉलिक्लिनिक. नंबर 43. बाकावर जागा नाही. पण रांगेतही हुद्दा चालतो. ‘सुभेदारसाहेब, या, बसा,’ म्हणत एक म्हातारा नाईक उठतो. त्याचेही गुडघे गेलेत.

10.50
आत्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. योजनेच्या यादीतला दवाखाना सांगा, रेफरल देतो, म्हणतात डॉक्टर. मग औषधांची खिडकी. सहातली चार मिळाली. दोनांपुढे ‘एनए’. म्हणजे बाहेरून घ्या, पावती जोडा, पैसे मागा. 640 रुपये. पावती पिशवीत जाते. आधीच्या दोन महिन्यांच्या तिथंच आहेत.
झेरॉक्स 12.

12.20
रिक्षा 80. डोळ्यांच्या दवाखान्यात पुन्हा बाक. भाकरी सोडतात. सून मागच्या वर्षीचं सांगते. आत्यांच्या छातीत रात्री कळ आली. तसंच यादीतल्या दवाखान्यात नेलं, रेफरल नाही. अशा वेळी 48 तासांच्या आत कळवायचं काम दवाखान्याचंच. हवालदाराच्या माणसाला जनरल वॉर्ड. सात दिवस. बिल भरावं लागलं नाही. उशाशी मीच, खाली चटई. डबा, चहा, दिराची मोटरसायकल, तिचं पेट्रोल. त्याची पावती कोण देतंय?

2.30
‘वर काय भरायचं का?’ सून दोनदा विचारते.
‘काही नाही, मावशी. तेरा तारखेला उपाशीपोटी आणा. सोबत एक माणूस पाहिजे.’

5.40
घर. शेजारीण गोठ्याच्या दारात उभी. परक्या हाताला म्हैस पान्हावलीच नाही. सून साडीचा पदर खोचते, चूळ भरते आणि तशीच कासेखाली बसते. पावणेदोन लिटर.

9.10
पुण्याहून फोन.
‘आईचं कसं?’
‘तेरा तारीख दिलीया.’
‘सुट्टी मागून बघतो.’
‘नगं. तुमचा खाडा पडंल. मीच जाती.’