मैदानाच्या पोटातली शिवराई

ज्या मैदानावर गवत धड उगवत नाही, ते पाहून क्रिकेटवाले नाक मुरडतात. परंतु जुन्या नाण्यांच्या शोधकाला अशी उघडीबोडकी जमीनच फार प्रिय. इंग्लंड-अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी धातुशोधक यंत्र घेऊन अशी मैदाने धुंडाळणारे हौशी पुष्कळ आहेत. ते यंत्र आता आपल्याकडेही घरपोच मिळू लागले आहे. तेव्हा पेण किंवा रोह्याच्या मैदानावर ते फिरवले तर काय हाती लागेल, असा विचार एखाद्या चिरंजीवाच्या मनात आला तर नवल नाही.

मुलूख तर नाण्यांचाच आहे! चौलचे प्राचीन बंदर जवळ, अलिबागेत आंगऱ्यांची सत्ता, आणि पलीकडे प्रत्यक्ष रायगड. १६७४ साली तेथे राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’; वजन सुमारे तोळाभर. होन सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. शिवराई मात्र खरोखर बाजारात फिरली, आणि पेशवाई बुडाल्यावरही कित्येक वर्षे फिरत राहिली. भाताच्या आणि मिठाच्या व्यवहारात ती किती कनवटींतून सुटून मातीत गेली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

मैदान म्हणजे तरी काय? जत्रा, बाजार, सर्कस, सभा यांसाठी जी जागा पिढ्यानपिढ्या मोकळी राहिली, ती. माणसे जमली की नाणी सांडतात. वरच्या थरात १९५७ नंतरचे नवे पैसे मिळायचे. (हे दशमान नाणे आणणारा कायदा १९५५ साली झाला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आणि त्यांचे बालपण रोह्यातच गेले!) त्याखाली महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा, त्याखाली व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा, आणि दैव जोरावर असेल तर ढब्बू शिवराई. हे थर असे शिस्तीत बसलेले असतीलच असे नाही. नांगर, पावसाचे पाणी आणि नगरपालिकेचा रोलर यांनी बरीच उलथापालथ केलेली असते.

यंत्राची युक्ती साधी आहे. दांड्याच्या टोकाला थाळीएवढे तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की धातूतही वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते, आणि तिची चाहूल लागून यंत्र ओरडते. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली याच तत्त्वावर अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही. पलंगाच्या पोलादी तारांनी घोटाळा केला असे म्हणतात.

कोकणात तोच घोटाळा जमीन करते. आपला जांभा आणि काळा पाषाण लोहयुक्त; खाडीकाठच्या खारट ओल्या मातीतून तर वीजच वाहते. त्यामुळे यंत्र कारण नसताना ओरडत राहते. शिवाय खिळे, सोडावॉटरची बुचे, सिगारेटच्या पाकिटाची चांदी यांनाही ते तितक्याच उत्साहाने सलामी देते. दिवसभर उन्हात राबून मूठभर बुचे, असाच बहुतेकांचा जमाखर्च असतो.

पण समजा, सापडलेच. तर ते खिशात टाकता येत नाही. १८७८ सालचा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले, तर काय सापडले, किंमत अंदाजे किती, कोठे आणि केव्हा, हे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. निधी बेवारशी ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक मालकाला. सरकारला तो स्वतःसाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकते. लपवले तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि हिस्साही गेला. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून ते पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळी खणणे तर परवानगीविना गुन्हाच. मग रायगडावर यंत्र नेण्याची गोष्टच नको.

कुणी म्हणेल, तांब्याच्या एका तुकड्यासाठी एवढे अवडंबर कशाला? १९९२ साली इंग्लंडात हॉक्स्न गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी यंत्राने शोधत होते. लागली रोमन नाणी! थोडी वर काढल्यावर त्यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. तज्ज्ञांनी माती थराथराने उचलली, म्हणून सुमारे पंधरा हजार नाणी तर मिळालीच. पण ती लाकडी पेटीत होती आणि पेटीत काय कशाशेजारी ठेवले होते, हेही समजले. भराभर उपसली असती तर हे दुसरे कधीच कळले नसते. लॉजना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले व ते त्यांनी शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्या शिवराईचेही तेच आहे. ती मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, कशाशेजारी होती, हे कळले तर तेथे जुना बाजार होता की वाट होती याचा काही अंदाज बांधता येईल. नुसती शिवराई सराफाच्या पेढीवरही मिळते. म्हणून पोराने खणलेच, तर आधी जागेची खूण करायला सांगा, फोटो घ्यायला सांगा, आणि पुढे न खणता अर्ज लिहायला बसवा.

राहिला चिंचेचा प्रश्न. दिवाळीत तांब्याची भांडी घासायला काढली की ‘हेही जरा लखलखीत करू’ म्हणून घरचे माणूस नाणे उचलते. तेवढे मात्र होऊ देऊ नका. त्यावरचा हिरवट-काळा थर चिंचेने निघतो खरा. पण त्याच्याबरोबर ‘छत्रपति’ची पुसट झालेली अक्षरेही निघून जातात.