गुरूचे ऋण आणि शिष्याची वाट

शिक्षणावरील खर्चाचे फलित पदवीधरांच्या मिळकतीत मोजण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. कलाशिक्षणाला हा हिशेब लावता येईल काय, हे तपासण्यास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा दाखला उद्बोधक आहे.

‘प्रभात’च्या वास्तूत १९६० साली ही संस्था स्थापन झाली. १९६५च्या सुमारास ऋत्विक घटक तेथे अल्पकाळ उपप्राचार्य होते. त्यांच्या बहुतेक चित्रपटांकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली होती. बाजाराच्या निकषावर असा शिक्षक नेमलाच गेला नसता. परंतु मणि कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचेच विद्यार्थी. विशेष हे, की तिघांपैकी एकानेही गुरूची नक्कल केली नाही. घटकांच्या चित्रपटांत फाळणीचा आक्रोश आहे. कौलांच्या ‘उसकी रोटी’त नाट्य जवळजवळ वर्ज्यच. शहानी पुढे फ्रान्समध्ये रोबेर ब्रेसाँ यांचे साहाय्यक झाले, आणि परतल्यावर त्यांनी ‘माया दर्पण’ (१९७२) केला. अब्राहम यांनी ‘अम्मा अरियान’ (१९८६) लोकवर्गणीतून उभा केला. प्रयोगशील गुरू तयार उत्तरे देत नाही. प्रश्न विचारण्याचे धैर्य देतो.

अर्थात केवळ धैर्यावर चित्रपट निघत नाही. कौल व शहानी यांच्या या पहिल्या चित्रपटांना शासनाच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने भांडवल पुरविले. खाजगी सावकार ज्या प्रयोगाची जोखीम पत्करीत नाही, ती समाजाने पत्करावी लागते. कारण त्याचा लाभही अखेर समाजालाच मिळतो.

हा लाभ आमच्या परिसरापर्यंत पोहोचला आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस राजनांदगाव लागते. मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी मुक्तिबोध तेथील महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांच्या साहित्यावर कौलांनी ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा चित्रपट केला. त्याच गावच्या विनोदकुमार शुक्लांची ‘नौकर की कमीज’ही त्यांनीच १९९९ मध्ये पडद्यावर आणली. मुंबईच्या चित्रनगरीला जे गाव दिसले नसते, ते घटकांच्या शिष्याला दिसले.

झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला गोंदिया जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी उद्या चित्रपट शिकावयास निघाला, तर ‘नोकरी कोणती मिळेल?’ हा प्रश्न त्याला घरीदारी विचारला जाईल. पालकांची चिंता रास्त आहे. म्हणूनच शिष्यवृत्तीचा भार शासनाने उचलावा आणि चांगले चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडविण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांनी करावे. या गुंतवणुकीचे व्याज उशिरा मिळते. तेवढा धीर समाजाने धरावयास हवा.