तंजावरची रात्र आणि मनाचा विसावा

मनावर ताण असला की रात्र सरता सरत नाही. दिवसभर कामाच्या रगाड्यात दबलेल्या चिंता दिवा मालवताच डोके वर काढतात. पीककर्ज फेडण्याची विवंचना असलेला शेतकरी असो वा मार्चअखेरच्या हिशेबात बुडालेला बँक कर्मचारी, दोघांचीही अवस्था सारखीच असते. अशा वेळी खिडकीबाहेरील रातकिड्यांच्या किरकिरीने किंवा पावसाच्या संततधारेने मन निवल्याचा अनुभव अनेकांना येतो. त्यामागे शास्त्रीय कारणे आहेत, तशाच काही मर्यादाही. त्या जाणून घेण्यासाठी तंजावरचे उदाहरण बोलके ठरते.

कावेरीकाठची रात्र

सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे स्थापन केलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. मराठी बोलणारी कुटुंबे आजही तंजावरात नांदत आहेत. शहराभोवती दूरवर भातखाचरे पसरली आहेत. मेट्टूर धरणातून प्रथेप्रमाणे १२ जूनला पाणी सोडले जाते आणि कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यावरून ते कालव्यांत वळते. ‘कुरुवै’ हे कमी मुदतीचे व ‘सांबा’ हे दीर्घ मुदतीचे भातपीक. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस बरसतो, खाचरे तुडुंब भरतात आणि रात्री बेडकांचा गजर सुरू होतो.

हा गजर मुख्यतः नर बेडकांचा असतो. गळ्याजवळील स्वरपिशवी फुगवून ते मादीला साद घालतात. रातकिड्यांतील नर पुढचे पंख एकमेकांवर घासून नाद निर्माण करतात. हवा उबदार असेल तर त्याची गती वाढते. या नादाचे आकर्षण फार जुने आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक स्वतंत्र सूक्त असून त्यात त्यांच्या आवाजाची तुलना वेदपठणाशी केलेली आढळते.

मन का शांत होते?

झोपेतही कान जागेच असतात. हॉर्न वाजला किंवा दार आपटले की शरीर सावध होते आणि हृदयाचे ठोके वाढतात. एका लयीत चालणारा आवाज मात्र मेंदूला धोक्याची सूचना देत नाही. उलट, पाऊल वाजताच बेडूक व रातकिडे गप्प होतात. म्हणून त्यांचा अखंड नाद म्हणजे आसपास सारे ठीक असल्याची ग्वाहीच होय.

इंग्लंडमधील ससेक्स येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, निसर्गातील आवाज ऐकताना लक्ष बाहेरच्या जगाकडे वळते, तर कृत्रिम आवाजांच्या वेळी ते स्वतःच्या विचारांतच घुटमळते. विशेष म्हणजे, सुरुवातीला ज्यांच्यावर ताण अधिक होता, त्यांनाच अधिक आराम मिळाला.

नादाचा अर्थ

तथापि, प्रत्येक आवाज प्रत्येकाला सुखावतोच असे नाही. २०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस दगा देऊन गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूतील सर्व जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर झाले. कोरड्या खाचरांत बेडकांचा गजर होत नाही. तेथे शांतताच चिंता वाढवते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले आणि तंजावर जिल्ह्यातील असंख्य नारळाची झाडे उन्मळून पडली. ज्याने अशी रात्र अनुभवली आहे, त्याला वाऱ्याचा घोंघाट अंगाईसारखा कसा वाटावा? भातशेतकऱ्याला बेडकांचा आवाज दिलासा देतो, कारण त्याचा अर्थ ‘शेतात पाणी आहे’ असा असतो. म्हणजेच नादाइतकाच त्याच्याशी जडलेल्या आठवणींचाही मनावर परिणाम होतो.

आपण काय करू शकतो?

झोपण्यापूर्वी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवून दहा मिनिटे खिडकीजवळ बसावे आणि एकेक आवाज ओळखण्याचा प्रयत्न करावा. शहरात हे शक्य नसल्यास पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी मंद ठेवून ऐकावा. शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार व्हावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेतकरी बांधवांनी कीटकनाशके बेताने वापरल्यास बेडूकही टिकतील आणि ते किडीही फस्त करतील.

निद्रानाश किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून अहोरात्र उपलब्ध आहे.

रातकिड्यांच्या नादाने कर्जाचा हप्ता कमी होत नाही, हे खरे. परंतु रात्री स्वस्थ झोप लागली तर सकाळी अडचण मोकळेपणाने मांडण्याचे बळ येते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात नियमांनुसार पीककर्जाच्या पुनर्रचनेची तरतूद असते. म्हणून चिंता उशाशी घेऊन जागत बसण्यापेक्षा रात्र विश्रांतीला द्यावी आणि सकाळी शाखेत येऊन अधिकाऱ्यांशी बोलावे.