फितीचा कान आणि पियानोचा आवाज

आपल्याकडे घरोघरी दिसते ती पेटी. तिचा आवाज हातभर लांबीच्या खोक्यातून येतो, म्हणून तिच्यापुढे एक मायक्रोफोन ठेवला की काम भागते. मैफलीतल्या ग्रँड पियानोचे तसे नाही. हे वाद्य सुमारे पावणेतीन मीटर लांब. त्याला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा. अगदी खालचा खर्ज सेकंदाला २७.५ कंपनांचा, तर सर्वांत वरचा स्वर ४१८६ कंपनांचा! नमद्याने मढवलेल्या हातोड्या तारांवर पडतात, तारांची कंपने खालच्या लाकडी ध्वनिफलकाला मिळतात आणि तो फलक हवा हलवतो. काठीवर टेकवून उघडलेले झाकण हा आवाज आरशासारखा श्रोत्यांकडे वळवते. तेव्हा पियानोचा आवाज नेमका कोठून येतो, असे कोणी विचारले तर ‘सगळीकडून’ हेच उत्तर द्यावे लागेल. मग मायक्रोफोन ठेवायचा तरी कोठे?

या कामासाठी अनेक ध्वनिमुद्रक आजही एक जुना प्रकार आवडीने वापरतात. तो म्हणजे रिबन मायक्रोफोन, अर्थात फितीचा मायक्रोफोन. जर्मनीत वॉल्टर शॉट्की व एर्विन गेर्लाख यांनी १९२४ साली तो शोधून काढला. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी त्याला आकाशवाणी केंद्रात वापरण्याजोगे रूप दिले. त्याची रचना पाहिली तर आश्चर्य वाटते, इतकी ती साधी आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक चुण्या घातलेली ॲल्युमिनियमची एक फीत सैलसर टांगलेली असते. फितीची जाडी दोन-अडीच मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. आपला केस तिच्या निदान वीसपट जाड असतो. ध्वनिलहरींनी फीत हलली की चुंबकीय क्षेत्रात वाहक हलतो आणि त्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. फॅरेडे यांचा हा नियम तुम्ही शाळेत शिकलाच आहात. हा दाब अगदी क्षीण असल्यामुळे मायक्रोफोनच्या पोटातच एक छोटे रोहित्र बसवून तो वाढवतात.

आता एक प्रयोग करा. चॉकलेटच्या वेष्टनातला चांदीसारखा कागद घेऊन त्याची बोटभर लांबीची पट्टी कापा आणि ती दोऱ्याने टांगा. समोरून हलकीच फुंकर घाला. पट्टी मागे जाईल. मागून घाला, पुढे येईल. आता तिच्या कडेच्या अगदी रेषेत फुंकर घाला. पट्टी थरथरेल, पण पुढे किंवा मागे अशी ढकलली जाणार नाही. फुंकर आणि ध्वनी या एकच गोष्टी नव्हेत, तरी फितीचे काहीसे असेच आहे. समोरून आलेला ध्वनी तिला एका बाजूला ढकलतो, मागून आलेला उलट बाजूला. कडेने आलेल्या ध्वनीचा दाब दोन्ही पृष्ठांवर एकाच क्षणी सारखाच पडतो आणि फीत जागची हलत नाही. म्हणजे हा कान पुढे व मागे सारखाच तीक्ष्ण, पण दोन्ही बाजूंना बहिरा! कागदावर आलेख काढला तर इंग्रजी आठाचा आकडा तयार होतो. माझ्या मते या मायक्रोफोनचे खरे मोल त्याच्या या बहिरेपणातच आहे.

त्याचा सुंदर उपयोग ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने दाखवला. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दोन कानांना दोन वेगळे ध्वनी पोहोचवण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. आज आपण तिला स्टिरिओ म्हणतो. त्यातली एक मांडणी अशी: असे दोन मायक्रोफोन एकावर एक ठेवायचे, एकाचे तोंड ४५ अंश डावीकडे, दुसऱ्याचे ४५ अंश उजवीकडे. एकाचा बहिरा कोन तोच दुसऱ्याचा सर्वांत तीक्ष्ण कोन. फितीतून मिळणारा दाब ध्वनीच्या दिशेच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. काटकोनात वळवलेल्या दुसऱ्या फितीत तो साइनच्या प्रमाणात येतो. साइन व कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज नेहमी १! म्हणून ध्वनी कोठूनही आला तरी दोघांची मिळून शक्ती तेवढीच राहते, फक्त वाटणी बदलते. त्या वाटणीवरूनच आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे ऐकणाऱ्याला कळते. त्रिकोणमितीचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा.

ही जोडी पियानोसमोर कोठे ठेवायची, तेही भूमितीच सांगते. वादकाच्या उजव्या हाताला पियानोची वळणदार बाजू असते आणि झाकण त्याच बाजूने उघडते. तेथे जोडी ठेवली की तिच्या डावीकडे पट्ट्या व हातोड्या येतात, उजवीकडे खर्जाच्या लांब तारांचे टोक. दोन्ही मायक्रोफोनांच्या समोरचा समाईक कोन ९० अंशांचा. पियानो २.७ मीटर लांब धरला तर तो या कोनात मावण्यासाठी जोडी निदान १.३५ मीटर दूर हवी. याहून पुढे सरकले तर दोन्ही टोके बाजूच्या कोनांत जातात. तेथे एक फीत पुढे ढकलली जाते त्या क्षणी दुसरी मागे. दोन ध्वनिक्षेपकांवर ऐकताना ती टोके विचित्र, जागा नसल्यासारखी वाटतात. आणि तेच मुद्रण एका ध्वनिक्षेपकाच्या रेडिओवर लावले तर ते स्वर एकमेकांना खोडून दुबळे होतात. एकदा असे मुद्रण झाले की ते नंतर सुधारणे फार कठीण. शिवाय फीत ध्वनीच्या फार जवळ नेली की खर्ज अवास्तव फुगतो, तो तोटा वेगळाच.

मग खूप मागे जावे काय? तर तेही नाही. पाठीमागचा कानही जागा असतो! सभागृह चांगले असेल तर तेथून येणारा घुमारा हवाहवासा असतो, पण लहान खोलीत मागची भिंत जवळ आली की आवाज डबा वाजल्यासारखा होतो. अशा वेळी जोडी भिंतीपासून होईल तेवढी दूर आणावी, भिंतीवर जाड गोधड्या टांगाव्या, किंवा दोन मायक्रोफोनांचा हट्ट सोडून एकच वापरावा व त्याची बहिरी बाजू त्रास देणाऱ्या भिंतीकडे करावी.

निवड करताना दोन्ही मायक्रोफोन एकाच जातीचे घ्यावे. बहुतेक फिती तार स्वर थोडे मवाळ करतात. हातोड्या कडक झालेल्या पियानोला हे मानवते, पण मुळात मंद वाजणाऱ्या पियानोला नाही. तेथे जोडी थोडी उंच, झाकणावरून परतणाऱ्या आवाजाच्या वाटेत धरावी. विवर्धकही शांत हवा, नाहीतर हळुवार स्वरांमागे सूऽऽ ऐकू येते. आणि फितीवर कधीही फुंकर मारून ‘हॅलो, हॅलो’ करू नये, ती ताणली जाते किंवा तुटते. मघाचा प्रयोग चॉकलेटच्या कागदावरच ठीक!

सगळे मांडून झाले की वादकाला अगदी खालचे, अगदी वरचे आणि अगदी हळू असे स्वर वाजवायला सांगतात. स्टँड चार बोटे पुढे, चार बोटे मागे, पुन्हा ऐकणे, पुन्हा सरकवणे. यात सहज तासभर जातो. जागा पटली की स्टँडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करतात आणि मगच मुद्रण सुरू होते.