कपाळावरचे मणी

नवी मुंबईतल्या महाप्याच्या एमआयडीसीत इंडिया ज्वेलरी पार्क आखला गेला आहे. दागिन्यांचं मोल तिथे वजनावर, घडणावळीवर ठरणार. पण मुंडावळ्यांचे मणी कुठल्याही काट्यावर न चढताच मोठे असतात. त्या कपाळाला बांधल्या की परवापर्यंत गल्लीत क्रिकेट खेळणारा पोरगा नवरदेव होतो.

नायजेरियातल्या योरुबा समाजात हे काम राजाचा ‘अदे’ करतो. हा उंच, निमुळता मुकुट. सांगाड्यावर कापड बसवायचं, मणी दोऱ्यात ओवायचे आणि ते सर टाके घालून कापडावर पक्के करायचे. माथ्यावर मण्यांचे पक्षी, पुढे मण्यांचेच चेहरे आणि राजाचं तोंड झाकणारी झालर. आत मंतरलेली औषधी असते, म्हणून राजानेही मुकुटात डोकवायचं नसतं. असा मुकुट कुणी घालावा, यावरून वाद पेटायचे. १९०३ साली एपेच्या राजाच्या हक्काबद्दल मत द्यायला खुद्द इफे या योरुबा नगरीचे राजे, म्हणजे ओनी, लागोसला गेले होते.

संग्राहक फसतो तो वयात. हे बारीक काचमणी बहुतांशी युरोपातून आले. इफेत मात्र त्याआधी कित्येक शतकं काच घडत होती. जुने मणी नव्या कामात ओवले जातात, तेव्हा मण्याचं वय ते वस्तूचं वय नव्हे. शिवाय नायजेरियातून पुरावस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. आपल्याकडेही १९७२चा पुरावस्तू कायदा आहेच.

दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केल्या. ती नजर आपल्या मण्यांवरही पडायला हवी. नवी मुंबईच्या गावठाणांत जुनी घरं पाडून इमारती चढताहेत. घर रिकामं करताना मुंडावळ्या सगळ्यात आधी कचऱ्यात जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्या ठेवायच्या तर दोरा बदलू नका, हळदीचा डागही धुऊ नका. कुणाच्या लग्नातल्या, कोणत्या साली, कुणी ओवल्या, हे घरातल्या आजीला विचारून चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली बरी. शाई ओलीने पसरते.